उंबर आणि केंबरे

उंबर (औदुंबर, शास्त्रीय नाव फायकस रेसिमोसा) या वृक्षाचे परागण भारतात सेरॅटोसोलेन फ्यूसिसेप्स या जातीची केंबरे, म्हणजे गांधीलमाशीच्या गटातले चिमुकले कीटक, करतात. या केंबऱ्यांची वीणही उंबरातच होते. वड, पिंपळ, पायर या भाऊबंदांचे कीटक वेगळे आहेत.

उंबराला फूल येत नाही हा समज खरा नाही. खोडाला घोसाने लगडणारे उंबर हा आत वळलेला फुलोराच असतो. कोवळे उंबर उभे कापून भिंगाखाली धरले, की आतल्या भिंतीला दाटीने चिकटलेली असंख्य फुले दिसतात. बाहेरून आत जायला वाट एकच, टोकावरचे खवल्यांनी घट्ट मिटलेले छिद्र. मादीफुले तयार झाली की उंबर गंध सोडते. त्या वासावर सुमारे २ मिमी लांबीची मादी येते आणि खवल्यांमधून अंग रेटत आत शिरते. त्यात तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. आत ती फुलांमध्ये अंडी घालते आणि छातीवरच्या कप्प्यांत भरून आणलेले पराग पुढच्या पायांनी कुक्षींवर, म्हणजे मादीफुलांच्या पराग घेणाऱ्या टोकांवर, टाकते. आखूड कुक्षिवृंताच्या (कुक्षीखालच्या दांड्याच्या) फुलांत बहुधा अळी वाढते, लांब कुक्षिवृंताच्या फुलांत बी धरते. मादी तिथेच मरते.

काही आठवड्यांनी आधी नर आपापल्या फुलांतून बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्या आपापल्या फुलांत बंद असतानाच ते मीलन उरकतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरतात. नरफुले नेमकी याच वेळी तयार होतात. माद्या कप्प्यांत पराग भरून घेतात आणि त्या भोकातून उडून जातात. पिकायला आलेले उंबर फोडल्यावर उडतात ती हीच केंबरे.

या घरात घुसखोरही आहेत. ॲपोक्रिप्टा या प्रजातीच्या माद्या उंबराच्या सालीतून लांब अंडनलिका घुसवून बाहेरूनच अंडी घालतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना या नलिकेच्या टोकाशी जस्त आढळले. त्यामुळे टोक कठीण होते. झाडावर वावरणाऱ्या मुंग्या अशा माद्यांना पकडतात, हुसकावतात.

केंबऱ्याच्या मादीला आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. एका झाडावरच्या एका बहराची उंबरे साधारण एकदमच तयार होतात, त्यामुळे तिला बहुधा दुसरे झाड गाठावे लागते. उंबराच्या जवळच्या नात्यातल्या आफ्रिकी सायकॅमोर अंजिराचे कीटक वाऱ्यावर १६० किमीपर्यंत गेल्याचे नामिबियात दिसून आले आहे. तरीही मादी पोचेल तेव्हा तिथे योग्य अवस्थेतले झाड हवेच. म्हणून परिसरात वेगवेगळ्या वेळी बहरणारी पुष्कळ झाडे लागतात. हरियाल, धनेश, वटवाघळे, वानरे यांना इतर फळे नसतानाही उंबर मिळते, ते या मागेपुढे चालणाऱ्या बहरांमुळे. रस्ता रुंदीकरणात ओढ्याकाठचे, बांधावरचे उंबर एकामागून एक तोडले जातात, तेव्हा ही साखळीच विरळ होते. देवळापुढचे एकटे झाड राखून ती भरून निघत नाही.

पुरंदर तालुक्यातील अंजिराला मात्र या कीटकांची गरज नसते. त्या जातीची फळे परागणाशिवाय धरतात आणि झाडे कलमांपासून वाढवली जातात.