बडीशेपेचा गड्डा घरी भाजी म्हणून कसा शिजवावा

हिवाळ्यातील भाजीच्या पेटीत आम्ही जो पांढरट-हिरवा, तळाशी फुगीर आणि शेंड्याला बारीक पाने असलेला गड्डा पाठवतो, तो बडीशेपेचा गड्डा होय. मोठ्या दुकानांत तो फेनेल या नावाने मिळतो. मुखवासाची बडीशेप आणि हा गड्डा एकाच वनस्पतीचे असले तरी त्यांचे वाण वेगळे आहेत. गुजरातेत उंझ्याच्या बाजारात येणारी बडीशेप दाण्यांसाठी लावलेल्या पिकाची असते आणि त्या पिकाला असा गड्डा धरत नाही. गड्ड्याचा वाण इटलीत भाजीसाठी जोपासला गेला आणि आजही तेथील घरांत तो थंडीच्या दिवसांतील नेहमीची भाजी आहे. हा जमिनीखालचा कंद नव्हे. पानांच्या देठांची बुडे जाड होऊन एकमेकांवर घट्ट बसल्याने तो तयार होतो. उन्हाळा लागला की झाड फुलोऱ्यावर येते आणि गड्डा लांबट व चिवट होतो, म्हणून आम्ही तो फक्त थंडीत देतो.

पाने पाहून अनेकांना तो शेपू वाटतो. दोन्ही एकाच कुळातील असल्याने हे साहजिक आहे, कारण कोथिंबीर, गाजर, जिरे आणि ओवासुद्धा त्याच कुळातील आहेत. परंतु पान बोटांत चुरडल्यावर येणारा वास शेपूचा नसून स्वच्छ बडीशेपेचा असतो. हा वास प्रामुख्याने अनेथॉल नावाच्या सुगंधी द्रव्यामुळे येतो, आणि भाजी कशी करावी याचे उत्तर याच द्रव्याच्या गुणधर्मांत आहे. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेला-तुपात सहज विरघळते आणि उष्णतेने वाफेबरोबर हळूहळू उडून जाते. त्यामुळे गड्डा स्निग्ध पदार्थात सावकाश शिजवल्यास वासाचा तिखटपणा जातो, मंद सुगंध मागे राहतो आणि गड्ड्यातील नैसर्गिक साखर भाजली जाऊन गोडसर, खमंग चव येते. कच्च्या गड्ड्याचा वास घेऊन ज्यांनी भाजी न करताच तो बाजूला ठेवला असेल, त्यांनी एकदा पुढील पद्धतीने करून पाहावा.

चार माणसांना तोंडी लावण्यासाठी मध्यम आकाराचे दोन गड्डे, म्हणजे साधारण अर्धा किलो भाजी पुरते. वरचे नळीसारखे देठ जेथे गड्ड्याला मिळतात तेथे कापून घ्यावेत. कोवळी पाने चिरून वरून भुरभुरण्यासाठी ठेवावीत आणि जाड देठ भाज्यांच्या सूपसाठी वापरावेत. सर्वांत बाहेरचा पापुद्रा पुष्कळदा दोरेदार असतो. तो टाकून देण्यापेक्षा साले काढण्याच्या सोलाण्याने वरवर तासून घेतला तर दोरे निघतात आणि भाजी वाया जात नाही. बुडाचा काळपट भाग पातळ चकती इतकाच कापावा, कारण आतला गाभा पापुद्र्यांना एकत्र धरून ठेवतो आणि तो काढून टाकल्यास फोडी कढईत सुट्या होतात. नंतर गड्डा उभा चिरून प्रत्येक अर्ध्याच्या चार फोडी कराव्यात, म्हणजे प्रत्येक फोडीला गाभ्याचा थोडा भाग राहील. फोडी धुतल्यावर कापडाने कोरड्या करणे आवश्यक आहे. ओल्या फोडी तेलात परतल्या न जाता स्वतःच्या वाफेत शिजतात व फिक्या राहतात.

जाड बुडाच्या पसरट कढईत दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अथवा एक चमचा तेल व एक चमचा लोणी, मध्यम आचेवर तापवावे. त्यात फोडी चिरलेली बाजू खाली येईल अशा एका थरात मांडाव्यात, आणि कढई लहान असेल तर दोन खेपांत कराव्यात. पाच-सहा मिनिटे फोडींना उलथणे लावू नये. ही भाजी बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण सारखे हलवणे हेच आहे, कारण पृष्ठभाग कढईला टेकून राहिल्याशिवाय त्यावर तांबूस रंग चढत नाही. एक बाजू सोनेरी-तपकिरी झाली की उलटून दुसरी बाजूही तशीच होऊ द्यावी, मग मीठ, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे शिजवावे. सुरीचे टोक गाभ्यात सहज शिरले की झाकण काढून आच वाढवावी, उरलेले पाणी आटवून फोडींना तेल सुटू द्यावे आणि खाली उतरवल्यावर लिंबाचा रस, मिरपूड व चिरलेली पाने घालावीत.

लिंबू शेवटीच घालावे हे मुद्दाम सांगतो. आमसूल किंवा चिंच आधी घातली तर भाजी लवकर शिजत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरांत सर्वांना ठाऊक आहे; येथेही कारण तेच आहे, आम्लामुळे भाजीच्या पेशींच्या भिंती लवकर मऊ होत नाहीत. टोमॅटो घालावयाचा असल्यास तोही गड्डा मऊ झाल्यानंतरच घालावा.

प्रेशर कुकर या भाजीसाठी आम्ही सुचवत नाही. एका शिट्टीतही तिचा लगदा होतो आणि रंग चढण्याचा प्रश्नच उरत नाही. मोहरी, हिंग, हळद व गोडा मसाला यांची नेहमीची फोडणी देता येते, आणि काही ग्राहक गड्डा कोबीप्रमाणे बारीक चिरून तशी भाजी करतातही. परंतु हिंग व मसाल्यापुढे गड्ड्याची चव मागे पडते आणि मग इतक्या महाग भाजीऐवजी कोबीच आणलेला बरा, असे आमचे मत आहे. मसाला हवाच असेल तर तुपात थोडे जिरे व एखादी सुकी मिरची पुरेशी आहे.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी इटलीतील घरोघरची दुसरी पद्धत जरूर करावी. फोडी मिठाच्या उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडून चाळणीत पूर्ण निथळाव्यात, लोणी लावलेल्या पसरट भांड्यात मांडाव्यात, वर लोण्याचे तुकडे आणि किसलेले पार्मेझान चीज पसरावे आणि २०० अंश सेल्सियसवर सुमारे २० मिनिटे, चीजला तांबूस डाग येईपर्यंत भाजावे. निथळण्यात घाई केली तर भांड्याच्या तळाशी पाणी साचते. शाकाहारी ग्राहकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: इटलीतील अस्सल पार्मेझान बनवताना दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट नावाचे द्रव्य वापरतात. म्हणून वेष्टनावर हिरवे चिन्ह असलेले, सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे चीज घ्यावे.

इटलीत ही भाजी भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर किंवा माशाबरोबर वाढतात. आपल्याकडे तळलेल्या सुरमईबरोबर ती उत्तम लागते, आणि शाकाहारी जेवणात साध्या वरण-भाताशेजारी तिची गोडसर चव छान जमते. मात्र झणझणीत रश्शाबरोबर ती वाया जाते. गड्डा कच्चाही खातात. इटलीच्या सिसिली बेटावर त्याचे पातळ काप संत्र्याच्या फोडी, ऑलिव्ह तेल व मीठ घालून खाण्याची पद्धत आहे, आणि नागपुरी संत्री याच दिवसांत येत असल्याने आपल्याकडेही ती करणे सोपे आहे. इटलीच्या बाजारांत गोल गड्ड्याला नर व चपट्या लांबट गड्ड्याला मादी म्हणतात, आणि नर कच्चा खावा, मादी शिजवावी असे सांगतात. वनस्पतिशास्त्रात या भेदाला आधार नाही, परंतु गोल गड्डे बहुधा अधिक रसाळ व कमी दोरेदार असतात, त्यामुळे निवड करताना हा संकेत उपयोगी पडतो.

पेटी आल्यावर पाने व देठ लगेच कापून वेगळे ठेवावेत, कारण ते गड्ड्यातील ओलावा ओढतात. गड्डा ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्यास पाच ते सात दिवस टिकतो. चिरून ठेवावयाचा असल्यास फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवाव्यात, अन्यथा त्या काळ्या पडतात. परतण्यापूर्वी त्या पाण्यातून काढून नीट पुसाव्यात. १०० ग्रॅम कच्च्या गड्ड्यात सुमारे ३१ कॅलरी आणि ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. सेलरी, गाजर किंवा धने यांची अॅलर्जी असलेल्यांना या कुळातील भाजीचाही त्रास होऊ शकतो, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती खाऊ नये.

कापलेल्या बुडाशी आलेला तपकिरी रंग केवळ हवेमुळे असतो व तेवढा भाग कापून गड्डा वापरता येतो. गड्डा बुळबुळीत झाला असेल, दाबल्यावर बोट आत जात असेल किंवा चिरल्यावर मधोमध फुलोऱ्याचा कडक दांडा निघाला, तर पेटीवरील क्रमांकावर छायाचित्र पाठवावे. पुढील पेटीत आम्ही तो विनामूल्य बदलून देऊ.