छतातून गळलं ते पाणी कुणाचं?

गढवालमध्ये साडेतीन हजार मीटरवर, फायबरच्या एका गोल झोपडीत आम्ही दहा जण झोपलो होतो. ऑक्टोबर महिना, आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं, पावसाचं नाव नाही. पहाटे चारच्या सुमाराला कपाळावर टपकन थेंब पडला. मग दुसरा, नाकावर. हेडटॉर्च लावून पाहिलं तर छताला आतून घाम फुटलेला आणि दाराजवळ त्याच घामाचा पातळ बर्फ झालेला. स्लीपिंग बॅगा वरून ओल्या. छप्पर गळतंय म्हणून आम्ही गाईडला उठवलं. त्याने वर बघितलं, दार वीतभर उघडलं आणि म्हणाला, "साहब, ये आप ही का पानी है."

हिशोब केला तर त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दहा माणसं, आठ तास, म्हणजे तीन लिटरांच्या वर. 20 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाला जेमतेम पाच. उरलेली वाफ सगळ्यात थंड पृष्ठभाग शोधते आणि तिथे पाणी होऊन बसते. फायबरचं पातळ छत हा तो पृष्ठभाग. त्यात आम्ही थंडीच्या भीतीने हवेची भोकं मोज्यांनी बुजवली होती. म्हणजे ओलं होण्याची व्यवस्था आमची आम्हीच केलेली.

उंचावरच्या निवाऱ्याचा विषय निघाला की सगळे थंडीबद्दल बोलतात. मला थंडी त्यातला सोपा भाग वाटते. झोपलेलं शरीर 70-80 वॉट उष्णता देतं, म्हणजे दहा माणसं मिळून पाऊण किलोवॉटचा हीटर. भिंतीत लोकर, लाकडाचा भुसा किंवा चांगला फोम जाडसर भरला की हा हीटर बरंच काम करतो. शिवाय भिंतीची आतली बाजू उबदार राहिल्याने वाफेला बसायला थंड जागा मिळत नाही. पण हवा खेळती हवीच. चांगल्या निवाऱ्यात बाहेर जाणारी कोंदट हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते. हे यंत्र नसेल तर खाली एक आणि वर एक झरोका, आणि त्यात मोजे कोंबायचे नाहीत. आत शेगडी किंवा बुखारी असेल तर हा नियम जिवाचा आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो उठवत नाही.

खरी डोकेदुखी पाण्याची. सह्याद्रीत मुक्काम ठरवताना आपण आधी टाकं कुठे आहे ते विचारतो. गड बांधणाऱ्यांनीही तोच विचार करून कातळात टाकी खोदली. हिमालयात किंवा आल्प्समध्ये पाणी चहूकडे असतं, फक्त गोठलेलं. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला 334 किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. वीस माणसांना पिण्या-रांधण्याला 80 लिटर धरा. स्टोव्हची निम्मी आच वाऱ्यावर जाते हे लक्षात घेतलं तर नुसतं वितळवायलाच दीड लिटर रॉकेल जळतं. चहा अजून व्हायचाच आहे. आणि चार हजार मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. ते रॉकेल वर आणणारं खेचर काय खातं, हा आणखी वेगळा हिशोब.

फ्रान्समध्ये माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर, 3835 मीटर उंचीवर गूटे नावाचा निवारा आहे. 2013 मध्ये तो नव्याने बांधला. कड्याच्या टोकावर ठेवलेलं स्टीलचं अंडं असावं तसा दिसतो. फोटो पाहून वाटतं, आर्किटेक्टची हौस. पण त्या गोलाईवरून वारा सरकतो आणि वाहून आणलेला बर्फ इमारतीच्या मागच्या बाजूला टाकतो. तिथेच बर्फ वितळवण्याची टाकी आहे आणि तिला ऊब मिळते ती सूर्यावर तापणाऱ्या पॅनलांची. पाणी भरायला वाराच ठेवलाय कामाला! मला ही कल्पना चमकदार बाह्यरूपापेक्षा कितीतरी जास्त आवडते.

स्वित्झर्लंडमधला मोंटे रोझा निवारा (2883 मीटर, 2009) त्याहून हुशार, आणि म्हणून त्याची अडचणही शिकण्यासारखी. झुरिचचं ईटीएच हे तंत्रविद्यापीठ आणि स्विस आल्पाइन क्लब यांनी मिळून तो उभारला. दक्षिणेच्या भिंतीवर सौर पॅनल आहेत. उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत वितळणारं पाणी वरच्या बाजूला साठवून वर्षभर वापरायचं, सांडपाणी जिवाणू आणि गाळण्यांनी स्वच्छ करून संडासात परत फिरवायचं. उद्या ऊन किती आणि पाहुणे किती, याचा अंदाज घेऊन यंत्रणेने बॅटरी वापरायची. ऊर्जेची 90 टक्के गरज जागेवरच भागवायची, हे उद्दिष्ट. पण निवारा इतका गाजला की पाहुणे अपेक्षेपेक्षा फार जास्त येऊ लागले. माणसं वाढली की सांडपाणी वाढतं, ते शुद्ध करायला वीज जास्त लागते, आणि उन्हाचा सगळा ताळेबंद कोलमडतो. सूर्य काही बुकिंग बघून जास्त तापत नाही.

आता संडास. ट्रेकच्या वर्णनांत हा विषय एका वाक्यात उरकतात, म्हणून मी थोडा रेंगाळतो. मैला कुजवून खत करायला जिवाणू लागतात आणि जिवाणूंना ऊब लागते. गोठणबिंदूच्या आसपास ते जवळजवळ काम बंद करतात. खड्डा भरत राहतो आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यात उतरतो. सुटसुटीत उपाय म्हणजे मूत्र आणि मैला पहिल्यापासून वेगळे ठेवायचे. वजनाचा बहुतेक भाग मूत्राचा असतो. उरलेलं वाळलं की वास कमी, ओझं कमी, खाली नेणं सोपं. लडाखी घरांतला दोनमजली कोरडा संडास थंडीशी भांडत बसत नाही, कोरड्या हवेचा फायदा घेतो. वर माती आणि राख टाकायची, खालच्या खोलीत सुकू द्यायचं, मग शेतात. एका कुटुंबाला हे पुरतं. तिथे पर्यटकांसाठी फ्लश बसवला की पाणीही जातं आणि खतही.

लडाखकडून उन्हाचंही शिकता येतं. लेहला डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32-33 अंश वर असतो, जूनमध्ये 79 अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेला काच लावून वर बेताचा छज्जा काढला की हिवाळ्याचं ऊन खोलीत खोलवर येतं आणि उन्हाळ्याचं बाहेरच अडतं. काचेमागे काळी रंगवलेली जाड मातीची भिंत असेल तर ती दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. हिला ट्रॉम्ब भिंत म्हणतात. 2021 मध्ये सोनम वांगचुक यांनी सैन्यासाठी सौर उष्णतेवरचा तंबू दाखवला, दहा जवानांसाठी. त्यातला कोणताही भाग 30 किलोपेक्षा जड नाही, हे मला त्याच्या उबेइतकंच महत्त्वाचं वाटतं. डोंगरात वस्तूचा आकार शेवटी पाठीवरून ठरतो.

आणि कधी कधी काहीच न बांधणं बरं. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे जंगलाच्या वरच्या गवताळ पठारांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि तिथली पक्की बांधकामं हटवायला सांगितलं. आपल्यापैकी कितीतरी जणांचे ट्रेक त्यामुळे बदलले, चिडचिडही झाली. पण तिथे गवत वाढायला मिळतात मोजके महिने. एकदा खरवडलेली जागा भरून यायला वर्षं जातात. त्यापेक्षा लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबाकसारख्या गावात घरातच पाहुणे ठेवतात ते उत्तम. भिंती आधीच उभ्या आहेत, चूल पेटलेलीच आहे, आणि पैसे त्याच घरात राहतात.

आमची ती झोपडीही पुढे काढली गेली. नंतर त्या बाजूला पुन्हा गेलो तेव्हा तिच्या जागेवर पिवळट गोल वण तेवढा होता. कडेने गवत आत सरकायला लागलं होतं. त्या रात्री आम्ही खाली, झाडांच्या हद्दीत तंबू ठोकले आणि झोपताना चेन वरून चार बोटं उघडी ठेवली. गारठलो जरा, पण सकाळी बॅगा कोरड्या होत्या.