बेडसोअर आतून सुरू होतो

सकाळी डायपर बदलताना आजींच्या माकडहाडावर नाण्याएवढा लाल चट्टा दिसतो, कोणीतरी म्हणतं घामोळं असेल, पावडर लावा, आणि काही दिवसांत तीच जागा काळीनिळी पडून तिथे खड्डा होतो. हाच बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम. मग सगळे विचारतात एवढं अचानक कसं झालं. पण ते अचानक झालेलं नसतं, चट्टा दिसला तेव्हाच आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं.

माणूस पडून असतो तेव्हा त्याचं मांस हाड आणि गादी यांच्या मधे चेपलं जातं. सगळ्यात जास्त ताण हाडाला चिकटून असलेल्या भागावर येतो, आणि नेमके तिथले स्नायू कातडीपेक्षा नाजूक, त्यांना रक्त कमी पडलेलं कातडीइतकं सोसत नाही. १९३० साली बोटाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांमधला (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांमधला) दाब मोजला गेला तेव्हा रक्त आत येतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला होता. म्हणजे बाहेरून त्याहून जास्त दाब आला की रक्त अडू शकतं. पण ३२ ही काही सगळ्यांना लागू होणारी पक्की रेघ नाही, म्हातारं शरीर, कमी बीपी, शुगर असेल तर त्याहून कमी दाबही पुरतो. शिवाय रक्त अडणं हे एकच कारण नाही, जास्त चेपल्या गेल्या तर पेशी नुसत्या वाकून-ताणूनसुद्धा मरतात आणि ते तर फार लवकर होतं. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो कारण शरीर टोचतंय म्हणून सांगतं, ज्याला ते जाणवत नाही किंवा जाणवूनही हलता येत नाही त्याच्यासाठी ते काम दुसऱ्या कोणीतरी करायला लागतं.

लाल चट्टा दिसला की बोटाने हलकं दाबून दोन-तीन सेकंदांनी बोट उचला. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर तिथे रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोअरची पहिली स्टेज समजा, त्या बाजूला परत झोपवू नका आणि नर्सला किंवा डॉक्टरांना लगेच दाखवा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, त्यामुळे हाताने बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागतंय का, घट्ट किंवा पिचपिचीत लागतंय का, जांभळट झाक आहे का. आणि तिथे चोळायचं बिलकुल नाही! मालिश केल्याने रक्त येईल असं खूप जणांना मनापासून वाटतं पण आधीच दुखावलेलं मांस त्याने अजून फाटतं.

दर दोन तासांनी कूस बदला हे सगळे सांगतात. ही पद्धत रुजवण्यात डॉ. लुडविग गुटमान यांचा मोठा वाटा आहे, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये १९४४ पासून ते मणक्याला मार लागलेल्या सैनिकांवर उपचार करत होते, तोवर असे पेशंट जखमा आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायचे आणि ते व्हायचंच असं धरलेलं असायचं. गुटमान यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला लावली आणि माणसं जगायला लागली. पुढे २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या नर्सिंग होम्समधला एक अभ्यास आला, त्यात चांगल्या घट्ट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांत फारसा फरक दिसला नाही. पण हे वाचून सरसकट चार तास करू नका, तिथे गादी चांगली होती आणि कातडीवर लक्ष होतं, साध्या गादीवर ते लागू होत नाही.

कूस बदलताना पूर्ण एका कुशीवर झोपवू नका, सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा, गुडघ्यांमधे एक उशी. टाचांसाठी उशी पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. पलंगाचं डोकं खूप उचललं की माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या पिळवटून बंद होतात, म्हणून जेवण सोडून एरवी ३० अंशांपर्यंतच ठेवा (नळीने जेवण चालू असेल तर डॉक्टरांना विचारून). वर घेताना ओढू नका, खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं.

एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलणं सुटलं असं समजू नका. मधे भोक असलेली रबरी रिंग तर नकोच, तिच्या कडेने रक्त अडतं. ओला डायपर तासन् तास राहिला की कातडी भिजून कमजोर होते. जेवणात प्रोटीन कमी पडलं तर कातडी टिकत नाही, धोका असलेल्या आणि वजन घटलेल्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२५ ते १.५ ग्रॅम लागतं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६२ ते ७५ ग्रॅम, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

खुर्चीचं मात्र लोक विसरतात. आजोबांना सकाळी खुर्चीत बसवलं की छान बसलेत असं वाटतं, पण बसल्यावर सगळं वजन बुडाखालच्या दोन हाडांवर येतं, दाब झोपल्यापेक्षा जास्त. त्यांना स्वतःहून हलता येत नसेल तर निदान तासाने तरी कोणीतरी सरकवलं पाहिजे.

पलंगाशी एक कागद लावा, किती वाजता कुठल्या कुशीवर ठेवलं ते लिहायला, रात्रपाळीचंही. भेटायला जाल तेव्हा तो कागद बघा, आणि मोजे काढून दोन्ही टाचा बघा, त्या बऱ्याचदा बघायच्या राहून जातात.