गुरदासपूर जिल्हा

गुरदासपूर : पंजाब राज्याच्या 'माझा' नावाच्या विभागातील, भारत-पाकिस्तान सीमेला लागून असलेला शेतीप्रधान जिल्हा. रावी आणि बियास या नद्यांमधल्या बारी दुआबाचा वरचा भाग त्यात येतो. 'बारी' हे नावच या दोन नद्यांच्या नावांतली अक्षरे जोडून झाले आहे. उत्तरेस पठाणकोट, बियासपलीकडे होशियारपूर, दक्षिणेस कपूरथळा, नैर्ऋत्येस अमृतसर आणि रावीच्या बाजूस पाकिस्तानातील नारोवाल हे शेजारचे जिल्हे. गुरदासपूर हे मुख्यालय असले तरी सर्वांत मोठे शहर बटाला आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २२,९८,३२३ भरली. तीत पठाणकोटचीही माणसे मोजलेली आहेत, हे आकडा वापरताना विसरू नये.

गुरदासपूर हे नाव शीख पंडित भाई गुरदास यांच्यावरून पडले असावे, असा समज सहज होतो. स्थानिक परंपरा मात्र वेगळे सांगते. सांगी गोत्राच्या जाटांकडून जमीन घेऊन गुरिया नावाच्या महंतांनी हे गाव वसवले, म्हणून ते गुरदासपूर.

या जिल्ह्याचे जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवले तर तो सतत आक्रसत गेलेला दिसतो. ब्रिटिश काळात त्याची हद्द डलहौसीच्या देवदारांपासून रावीपारच्या शकरगढपर्यंत होती. १९४७ मध्ये शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली, १९६६ च्या पुनर्रचनेत डलहौसी हिमाचल प्रदेशाला मिळाले आणि २७ जुलै २०११ रोजी पठाणकोट वेगळा जिल्हा झाला. पहाड गेले, रावीपारचा मुलूख गेला. उरले ते मधले सपाट, पाणथळ मैदान. थंडीत हवा स्वच्छ असली की शेताच्या बांधावरून धौलाधारची बर्फाची रांग दिसते, तेवढाच आता पहाडाशी संबंध.

भूवर्णन : डोंगर जवळ असल्याने येथे पंजाबच्या मानाने पाऊस चांगला पडतो. दक्षिण पंजाबातल्या कोरड्या, वाळूच्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसाला इथली हिरवळ डोळ्यांत भरते. जमीन ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे हळूहळू उतरते. नदीकाठच्या, पुराखाली येणाऱ्या सखल पट्ट्याला 'बेट' म्हणतात. मराठीतल्या बेटाशी त्याचा घोटाळा करू नये, जरी पावसाळ्यात तिथली गावे खरोखरीची बेटे होतात. पूर अडवण्यासाठी नदीकाठाने मातीचे लांबच लांब बांध घातले आहेत, त्यांना 'धुस्सी बांध' म्हणतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस रावीने हे बांध जागोजागी फोडले. रावीवरच्या माधोपूर बंधाऱ्याचे दरवाजेही त्या लोंढ्यात तुटले. डेरा बाबा नानक आणि कलानौर भागातली शेते पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर मागे वाळूचे थर राहिले, तेव्हा 'जिसदा खेत, उसदी रेत' (ज्याचे शेत, त्याची वाळू) म्हणत सरकारने ती वाळू उपसून विकायची मुभा शेतकऱ्यांना दिली.

सखल भागात पूर्वी मोठमोठ्या दलदली होत्या. त्यांना 'छंब' म्हणतात. काहनूवानचा छंब इतिहासात गाजला, तो पुढे येईलच. केशोपूरचा छंब आजही जिवंत आहे. मियानी, डल्ला, केशोपूर, मटवा आणि मगरमूदियाँ या पाच गावांच्या पंचायतींच्या मालकीची ही सुमारे ३४४ हेक्टर पाणथळ जमीन भारतातली पहिली सामुदायिक राखीव म्हणून ओळखली जाते. २०१९ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, सारसही दिसतात. पंजाबात सारस दिसणे ही आता मोठी गोष्ट आहे. गावकरी तेथे कमळ आणि शिंगाडा पिकवतात. पक्षी राखण्याचे काम वनखात्याने आणि पंचायतीने मिळून करायचे, ही व्यवस्था कागदावर दिसते तेवढी सोपी नसते. तरी ती टिकली आहे.

उझ ही जम्मूकडून येणारी नदी मकोडा पत्तन येथे रावीला मिळते. 'पत्तन' म्हणजे नदी ओलांडायची जागा. संगमापलीकडे, दोन नद्या आणि पाकिस्तानची सीमा यांच्या बेचक्यात तूर, चेबे, भरियाल, लसियान अशी काही भारतीय गावे आहेत. कोरड्या दिवसांत तराफ्यांचा पूल टाकतात. पावसाळा आला की तो काढून घ्यावा लागतो, मग बाजार, शाळा, दवाखाना, सगळे होडीवर. कायमच्या पुलाची मागणी कित्येक निवडणुकांत ऐकू आली आहे. सीमेवरच्या इतर गावांचे दुखणे निराळे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उभारलेले काटेरी कुंपण प्रत्यक्ष सीमेच्या बरेच अलीकडे आहे. त्यामुळे हजारो शेतकऱ्यांची जमीन 'तारेपलीकडे' राहिली. सीमा सुरक्षा दलाने दार उघडले की जायचे, ठरल्या वेळी परत यायचे. जवानांना नजर ठेवता यावी म्हणून तिथे उंच वाढणारी पिकेही घेता येत नाहीत.

कालवा : रावी डोंगरातून मैदानात उतरते ती जागा म्हणजे माधोपूर. शाहजहानच्या काळात अली मर्दान खान याने तेथून लाहोरच्या बागांपर्यंत पाणी नेणारा कालवा काढला. शीख काळात त्याचा फाटा अमृतसरच्या सरोवराकडे गेला. पंजाब जिंकल्यावर इंग्रजांनी लगेचच नवा कालवा खणायला घेतला आणि १८५९ मध्ये तो सुरू झाला. हाच वरचा बारी दुआब कालवा. शीख सैन्य मोडल्याने हजारो तरुण रिकामे झाले होते आणि त्यांना 'माझा' विभागातच कामाला लावणे इंग्रजांना सोयीचे होते. सिंचनाइतकेच हेही कारण होते. या कालव्याचे पाणी अमृतसर आणि लाहोर अशा दोन्ही जिल्ह्यांना जाई. जिल्ह्याची १९४७ मधली फाळणी समजून घ्यायची तर धर्माच्या टक्केवारीबरोबर या कालव्याचाही विचार करावा लागतो.

इतिहास : 'जिसने लाहौर नहीं देखा, वह देखे कलानौर' अशी म्हण आहे. आज कलानौरला उतरणाऱ्याला ती थट्टा वाटेल. पण जानेवारी १५५६ मध्ये हुमायून दिल्लीत जिना घसरून मेला तेव्हा तेरा वर्षांचा अकबर बैरामखानाबरोबर याच मुलखात होता आणि १४ फेब्रुवारीला कलानौरच्या एका बागेत विटांच्या चौथऱ्यावर त्याला राज्याभिषेक झाला. बाग राहिली नाही. चौथरा, 'तख्त-ए-अकबरी', शेतांच्या मधोमध उभा आहे.

शीख परंपरेत हा जिल्हा गुरु नानकांच्या संसाराचा आणि अखेरच्या वर्षांचा आहे. त्यांचा विवाह बटाल्याच्या सुलखणी यांच्याशी झाला. वऱ्हाड ज्या कच्च्या भिंतीजवळ बसले होते असे सांगतात, ती 'कंध' काचेआड जपून तिच्याभोवती गुरुद्वारा बांधला आहे. दरवर्षी 'बाबे दा व्याह' नावाने लग्नाचा उत्सव होतो, आणि बटाला त्या दिवशी खरोखर लग्नघर होते. जवळच्या अचल येथे नाथपंथी सिद्धांशी त्यांचा वाद झाला. तिथे कार्तिकेयाचे अचलेश्वर मंदिर आणि गुरुद्वारा शेजारी शेजारी आहेत. पुढे नानक रावीकाठी करतारपूरला शेती करून राहिले आणि १५३९ मध्ये तेथेच निवर्तले. रावीने तिथली समाधी वाहून नेल्यावर वंशजांनी अलीकडच्या काठावर वस्ती केली, तीच डेरा बाबा नानक. बियासकाठच्या श्रीहरगोबिंदपूरला सहावे गुरु हरगोबिंद यांनी मुसलमान रयतेसाठी मशीद बांधून दिली; 'गुरु की मसीत' या नावाने ती अजून उभी आहे.

नांदेडला गोदावरीकाठी मठ करून राहणारा माधोदास बैरागी १७०८ मध्ये गुरु गोबिंदसिंगांना भेटला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात आला. त्याचा शेवटचा लढा गुरदासपूरजवळच्या गुरदास नंगल येथे झाला. लाहोरचा सुभेदार अब्दुस समदखान याने १७१५ मध्ये सुमारे आठ महिने वेढा घातला. आतले लोक झाडांची साल आणि पाला खाऊन लढले. डिसेंबरमध्ये बंदासिंग पकडला गेला आणि जून १७१६ मध्ये दिल्लीत हाल हाल करून त्याला मारण्यात आले. १७४६ मध्ये दिवाण लखपतराय याने काहनूवानच्या छंबात आसरा घेतलेल्या शिखांना घेरले; हजारो मारले गेले. शीख इतिहासात याला 'छोटा घल्लूघारा' (छोटे हत्याकांड) म्हणतात.

'अटकेपार झेंडे' आपण अभिमानाने सांगतो, पण त्या मोहिमेचे निमंत्रण कोणी दिले हे सहसा सांगत नाही. ते दिले आदिनाबेगखानाने. दीनानगर हे त्याचेच गाव, मूळ नाव आदिनानगर. मोगल, अफगाण आणि शीख अशा तिघांना एकमेकांविरुद्ध खेळवण्यात या माणसाची हयात गेली. अब्दालीच्या मुलाला हुसकावण्यासाठी त्याने रघुनाथरावांना बोलावले. एप्रिल १७५८ मध्ये मराठे लाहोरात शिरले आणि वर्षाला ७५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर पंजाबचा सुभा आदिनाबेगाला सोपवून रघुनाथराव परत फिरले. पण त्याच सप्टेंबरात आदिनाबेग बटाल्याला वारला आणि सगळी व्यवस्था कोसळली. त्यानंतर पंजाब सांभाळणे मराठ्यांना जमले नाही. पानिपताकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा मुक्काम आपल्या इतिहासकथनात फार लवकर मागे पडतो.

त्यानंतर बटाल्यात कन्हैया मिसल, म्हणजे शिखांच्या स्वतंत्र लष्करी जथ्यांपैकी एक, प्रबळ झाली. तिची कर्तबगार प्रमुख सदाकौर ही रणजितसिंगाची सासू. तिच्या पाठबळावर रणजितसिंग वर आला आणि पुढे त्यानेच तिची जहागीर जप्त केली. दीनानगर हे त्याचे उन्हाळ्यातले आवडते ठिकाण होते. १८३८ मध्ये इंग्रजांचा दूत मॅकनॉटन हा पदच्युत अफगाण राजा शाहशुजाला काबूलच्या गादीवर बसवण्याची बोलणी करायला तेथेच आला. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला. सुरुवातीला दीनानगर, मग बटाला अशी फिरून जिल्हा कचेरी १८५२ मध्ये गुरदासपूरला स्थिरावली. १८८४ मध्ये अमृतसर-पठाणकोट रेल्वे आली.

१९४७ : १९४१ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात मुसलमान ५१ टक्क्यांच्या आसपास होते. गुरदासपूर, बटाला आणि शकरगढ या तहसिलींत त्यांचे बहुमत होते, पठाणकोटमध्ये नव्हते. फाळणीच्या ३ जूनच्या योजनेतल्या तात्पुरत्या वाटणीत अख्खा जिल्हा पाकिस्तानच्या बाजूला धरला होता. त्यामुळे १४ ऑगस्टला येथे पाकिस्तानचा कारभार सुरू झाला. सीमा ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला आणि शकरगढ वगळता बाकी जिल्हा भारतात आला. मधल्या दिवसांत आपण कोणत्या देशात आहोत, हे गावांना सांगता येत नव्हते. काश्मीरला जमिनीवरून वाट मिळावी म्हणून हा निवाडा फिरवला, असा आरोप पाकिस्तानात आजही होतो. कालव्याची मुखे आणि अमृतसरचे तिन्ही बाजूंनी घेरले जाणे ही कारणे दुसऱ्या बाजूने मांडली जातात. वाद मिटलेला नाही. माणसांचे मात्र काही आठवड्यांत आटोपले. मुसलमान रावीपार गेले, सियालकोट-नारोवालकडचे हिंदू-शीख इकडे आले. कवी शिवकुमार बटालवी यांचा जन्म शकरगढ तहसिलीतला. आडनावातले बटाला हे निर्वासित कुटुंबाने धरलेले गाव आहे. अभिनेते देव आनंदही शकरगढचेच.

कादियान अपवाद ठरले. मिर्झा गुलाम अहमद (१८३५–१९०८) यांनी १८८९ मध्ये स्थापलेल्या अहमदिया पंथाचे ते मूळ गाव. पंथाचे केंद्र पाकिस्तानात रबवाहला हलले, पण पवित्र जागा राखायला ३१३ अनुयायी मागे राहिले. त्यांना 'दरवेश' म्हणतात. पांढरा मनोरा आणि डिसेंबरातला वार्षिक जलसा यांमुळे गाव आजही जगभरच्या अहमदियांच्या नकाशावर आहे.

नवी सीमा नानकांच्या दोन स्थानांमधून गेली. अमृतसरकडून येणारी रेल्वे पूर्वी रावी ओलांडून नारोवालकडे जाई. आता ती डेरा बाबा नानकला संपते. सत्तर वर्षे भाविक सीमेवरच्या मचाणावरून दुर्बिणीतून साडेचार किलोमीटरवरचे करतारपूर पाहत. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी विनाव्हिसा जाण्याचा मार्ग उघडला. कोविडमध्ये तो बंद पडला, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि मे २०२५ मधील लष्करी संघर्षात भारताने तो पुन्हा बंद केला.

लोक व अर्थकारण : गहू, भात आणि ऊस ही मुख्य पिके. बटाल्याची ओळख ओतकामाची : लेथ, शेतीची अवजारे, पंपांचे सुटे भाग. लुधियाना पुढे गेल्यावर आणि सीमेमुळे गुंतवणूक बिचकल्यावर हा धंदा बराच ओसरला. धारीवालची लोकरगिरणी १८८० मधली. तिथल्या ब्लँकेटी आणि शाली उत्तर भारतात घरोघरी असत. आता गिरणीच्या चिमण्यांतून धूर निघत नाही. २०११ मध्ये हिंदू सुमारे ४७ टक्के, शीख ४४ टक्के आणि ख्रिस्ती साडेसात टक्क्यांहून अधिक होते. ख्रिस्ती समाजाचे हे प्रमाण पंजाबात सर्वाधिक. तो मुख्यतः मिशन काळात धर्मांतर केलेल्या, गावकुसाबाहेरच्या भूमिहीन कुटुंबांचा आहे. लोकसभेसाठी येथून अभिनेते विनोद खन्ना चारदा निवडून आले.

घुमान : बटाला तहसिलीतले हे गाव मराठी माणसाला परके नाही. संत नामदेवांनी (१२७०–१३५०) उत्तरायुष्यातली सुमारे दोन दशके येथे काढली, असे पंजाबची परंपरा मानते. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पंजाबीत ते 'भगत' किंवा 'बाबा' नामदेव. त्यांच्या पदांत 'बीठल' येतो, तो गाणाऱ्यांना नवा वाटत नाही. आपण नामदेवांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी मानतो, घुमानकर ती आपल्या गावात दाखवतात. दोन्हीकडे नमस्कार करणाऱ्याला यात अडचण दिसत नाही. ३ ते ५ एप्रिल २०१५ या काळात ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले आणि महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सुटल्या. गावाची स्वतःची मोठी जत्रा मात्र दर वर्षी दोन माघला, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर भरते. तेव्हा येणाऱ्या गर्दीत बहुतेक माणसे आसपासच्या खेड्यांतली असतात.