केनकेन: आकडेमोड कमी, विचार जास्त

जपानमधले गणिताचे शिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक कोडं तयार केलं. शिक्षकाने शिकवत बसू नये, मुलांनी स्वतः झगडून वाट काढावी, ही त्यांची पद्धत. तेच कोडं आज केनकेन नावाने जगभर सोडवलं जातं.

सुरुवात चार बाय चारच्या चौकोनापासून करावी. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १ ते ४ हे अंक एकेकदाच यायला हवेत. इथवर सुडोकूसारखंच. पण केनकेनमध्ये घरांचे जाड रेघांनी आखलेले गट असतात आणि गटाच्या कोपऱ्यात एक संख्या व चिन्ह असतं. '३−' लिहिलेल्या दोन घरांतल्या अंकांची वजाबाकी ३ यायला हवी, म्हणजे तिथे १ आणि ४ हेच अंक. कोणता कुठे, ते अजून कळलेलं नाही, पण ही दोन घरं एकाच आडव्या ओळीत असतील तर उरलेल्या दोन घरांत २ आणि ३ असणार हे पक्कं झालं!

आता माझ्या आवडीची जागा. तीन घरांचा काटकोनी गट आहे आणि वर लिहिलंय '९×'. १ ते ४ मधल्या तीन अंकांचा गुणाकार ९ फक्त १, ३, ३ याच अंकांनी होतो. नवखा माणूस इथे अडतो, कारण ३ दोनदा कसा येईल? गटात अंक पुन्हा आलेला चालतो, ओळीत चालत नाही. काटकोनाच्या कोपऱ्यातलं घर बाकीच्या दोन्ही घरांशी ओळ वाटून घेतं, म्हणून तिथे ३ बसूच शकत नाही. कोपऱ्यात १, दोन्ही टोकांना ३. एका क्षणात तीन घरं भरली, आणि गणित लागलं ते दुसरीतलं.

खरं काम करते ती ओळीची अट. नुसत्या त्या अटीवर चार बाय चारचा चौकोन ५७६ प्रकारे भरता येतो, आणि सहा बाय सहाचा ८१ कोटींहून जास्त प्रकारे. गटांतल्या संख्या त्यांतला नेमका एक ठेवतात. म्हणून अंदाजाने अंक भरू नयेत. प्रत्येक घराचं कारण सापडतंच.

सहाच्या चौकोनाकडे वळाल तेव्हा गुणाकाराचे गट आधी बघा. शेवटी ० किंवा ५ असलेला गुणाकार दिसला, की त्या गटात ५ आहेच.