१९११ चा रुपया की १९१२ चा? आधी हत्ती बघा

विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यापुढे, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यापुढे, पंचम जॉर्जचे हे दोन रुपये ठेवा, तो एकच भाव सांगेल. त्याचं बरोबरच आहे. दोन्ही एक तोळ्याचे, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, मुशीत साल उरत नाही. संग्राहक मात्र १९११ साठी बरेच जास्त मोजतो, ते राजाच्या झग्यामुळे.

त्या झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या ब्रिटिशकालीन मानचिन्हाच्या साखळीतला एक बारीकसा हत्ती आहे. १९११ च्या नाण्यावर त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात संताप उसळला आणि सरकारने बहुतेक नाणी वितळवली. १९१२ पासून लांब सोंडेचा, मोठ्या कानांचा, शंकेला जागा न ठेवणारा हत्ती आला. जुन्याला 'पिग रुपी' हे नाव चिकटलं. १९११ च्या अधेली-पावलीवरही (अर्धा आणि पाव रुपया) तोच प्राणी.

हे नाणं कमी पाडलेलं मात्र नव्हे. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी मिळून सुमारे ९४ लाख पाडले. त्यातले बाहेर पडले जेमतेम ७ लाख. म्हणून कॅटलॉगातला टांकसाळीचा आकडा वाचून 'मुबलक आहे' म्हणाल तर फसाल. आणि ७ लाख हाही काही मूठभर आकडा नाही, त्यामुळे मोबाइलवर एका रुपयाचे लाखो रुपये सांगणाऱ्यांकडे मी तरी लक्ष देत नाही.

ओळखायचं कसं? झिजलेल्या १९१२ ची सोंड पुसट होते, आणि विकणारा छातीठोकपणे 'पिग' म्हणतो. तेव्हा साल वाचा. उलट सालातला शेवटचा २ घासून १ केलेला असेल, तर हत्ती चुगली करतो: १९११ लिहिलंय आणि सोंड लांब, म्हणजे साल खोटं. भिंग हवंच. मागच्या बाजूला खालच्या कमळाखालचा ठिपका फक्त मुंबई टांकसाळ सांगतो, या भांडणात त्याचा उपयोग नाही.

सांगली-साताऱ्यात घरातून निघणाऱ्या बंद्या रुपयांना पुष्कळदा माळेसाठी डाख देऊन कडी लावलेली असते, नाहीतर दर लक्ष्मीपूजनाला ते घासूनपुसून लखलखीत केलेले असतात. असला खरा १९११ सुद्धा संग्राहक चांदीच्या भावापेक्षा थोड्याच जास्त पैशांत मागतो.