बर्फपेटी (प्रवासातील)

मासळी, मटण, दूध, दही, पनीर, खरवस असे लवकर नासणारे जिन्नस लांबच्या रस्त्याने नेताना गार राहावेत म्हणून वापरायची जाड भिंतींची झाकणबंद पेटी म्हणजे बर्फपेटी. बोलण्यात तिला आइस बॉक्स, कूलर किंवा नुसता ‘थर्माकोलचा खोका’ म्हणतात. पेटी स्वतः काहीही गार करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरायला ती उशीर लावते, एवढेच तिचे काम. गारवा आधी घरी किंवा बर्फाच्या कारखान्यात तयार करून आत भरावा लागतो आणि मुक्कामापर्यंत तो पुरवून वापरावा लागतो. पेटी महागाची होती तरी मासे वास मारायला लागले, अशी कुरकूर ऐकू येते, तेव्हा बहुतेक वेळा पेटीत माल कोमट भरलेला असतो.

शिदोरी आणि बर्फपेटी

मराठी घरांत प्रवासाचे अन्न गार ठेवायची पद्धत नव्हती, ते नासणारच नाही असे करायची होती. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, तिखटामिठाच्या पुऱ्या खरपूस तळायच्या, चटणी शेंगदाण्याची, तिळाची किंवा कारळाची, म्हणजे कोरडीच घ्यायची, आणि जोडीला मीठ-तेलात मुरलेले लोणचे. जिवाणूंना वाढायला मोकळे पाणी लागते. ते उडवले, किंवा मीठ-साखरेने बांधून ठेवले, की त्यांची वाढ खुंटते. ओल्या खोबऱ्याची चटणी शिदोरीत कधी नसे, त्यामागे हाच अनुभव होता.

पाणी गार ठेवण्याचीही युक्ती होती. ट्रकच्या किंवा जीपच्या पुढे टांगलेल्या जाड कापडी पिशवीतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचे तत्त्व तेच. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान चालते, कोकणच्या दमट हवेत फारशी नाही.

ओले अन्न न्यायचे म्हटले की मात्र शिदोरीचे शहाणपण पुरत नाही. महाराष्ट्रात याचे सर्वांत ओळखीचे चित्र मे महिन्याच्या शेवटी दिसते. सुट्टी संपवून मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या गाडीत आंबे, फणस, कोकम यांच्या शेजारी चिकटपट्टीने गुंडाळलेला एक पांढरा खोका असतो आणि त्यात सुरमई, पापलेट, कोळंबी. १ जूनपासून किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, त्यामुळे खरेदीची घाई नेमकी वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत होते. हर्णै, रत्नागिरीचा मिरकरवाडा, मालवण या ठिकाणी गिऱ्हाईक लांबचे आहे असे दिसले की विक्रेतेच खोका भरून देतात.

बर्फाचा लांबचा प्रवास

बर्फाला नीट झाकले तर तो किती टिकतो, याचा एक जुना दाखला थेट भारताशी जोडलेला आहे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून जहाज पोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईतही आला. त्या जहाजात आजच्यासारखा फोम नव्हता. फळ्यांच्या दुहेरी भिंतीत चामडे कमावून उरलेल्या सालीचा कोरडा भुसा ठासलेला होता, आणि मुख्य म्हणजे बर्फाचा ढीग प्रचंड होता. ढीग जितका मोठा, तितका त्याच्या वजनाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी. एकसंध लादी चुऱ्यापेक्षा उशिरा वितळते ती याच कारणाने.

हातात उचलून नेता येईल अशी पेटी बरीच अलीकडची आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रिचर्ड लॅरमी याने १९५१ मध्ये अशा पेटीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९५३ मध्ये त्याला ते मिळाले. मोटारीने दूरदूर हिंडण्याची हौस तिथे वाढत होती, त्या काळाला ही वस्तू साजेशी होती. आपल्याकडे तिची जागा थर्माकोलने घेतली. हे मुळात एक व्यापारी नाव. पदार्थ म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, ज्याचा सुमारे ९८ टक्के भाग हवाच असतो. उष्णता अडवते ती ही कोंडलेली हवा. टणक प्लास्टिकच्या महागड्या पेट्यांत भिंतींच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. तितक्याच जाडीला तो थर्माकोलपेक्षा अधिक उष्णता अडवतो, शिवाय त्या पेट्यांच्या झाकणाला रबरी कड असते.

उष्णतेचा जमाखर्च

शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तेवढ्या उष्णतेत १ किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. बर्फाची सगळी ताकद या वितळण्यात आहे. ‘बर्फाचे पाणीच झाले’ म्हणून हळहळण्याचे कारण नाही, पाणी होणे हेच त्याचे काम.

आता एक साधा खोका घेऊ. भिंत ३ सेंटिमीटर जाड, सगळ्या बाजू मिळून पृष्ठभाग सुमारे १ चौरस मीटर, आत शून्य अंश आणि गाडीच्या डिकीत ४० अंश. अशा थर्माकोलच्या भिंतीतून साधारण ४५ वॅट उष्णता सतत आत झिरपते, म्हणजे तासाला अर्धा किलो बर्फ. बारा तासांच्या वाटेला ६ किलो नुसते भिंती खातात. त्यात ५ किलो मासे ३० अंशांचे, म्हणजे बाजारातून आणलेले तसेच भरले, तर त्यांना शून्यावर आणायला आणखी दीड किलोहून अधिक बर्फ लागतो. आणि मग कोणीतरी ‘जागा आहे ना, ठेव’ म्हणत पाण्याच्या चार कोमट बाटल्या आत सारतो, त्या वरचा दीड किलो घेतात. पेटी ‘बाद’ निघण्याची कथा बहुधा एवढीच असते.

म्हणून माल आदल्या रात्री फ्रीजमध्ये, जमेल तर फ्रीजरमध्ये घट्ट गारठवून भरावा. रिकामी पेटीही भरण्यापूर्वी तासभर थोडा बर्फ ठेवून गार करून घ्यावी, हा बर्फ नंतर टाकून द्यायचा. पेटी उन्हातल्या गच्चीवरून उतरवून तशीच भरली, तर पहिला बर्फ तिच्या भिंतीच पितात. मासळीबाबत उष्ण प्रदेशांतला रुळलेला दंडक असा की जितके मासे तितकाच बर्फ, किलोला किलो. निम्मा खोका बर्फाने भरलेला पाहून गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटते. वाटू नये.

अन्न बिघडते कसे

अन्नातून बाधणारे बहुतेक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. या पट्ट्यात नाजूक अन्न एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. येथे ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. बाजारात अर्धा तास, डिकीत पाऊण तास, ढाब्यावर खोका उघडा ठेवून वीस मिनिटे, अशी ही बेरीज चढत जाते आणि पुन्हा बर्फात ठेवल्याने मागे जात नाही.

वासावर विसंबणे धोक्याचे. नासल्याचा वास ज्या जिवाणूंमुळे येतो ते आणि आजारी पाडणारे जिवाणू बरेचदा वेगळे असतात. ‘घरी जाऊन चांगले उकळू’ हा दिलासाही अपुरा आहे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांत गारवा तुटला की जिवाणू हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार करतात, आणि ते शिजवल्याने जात नाही. असे कालवण खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते. लोक ‘मासा बाधला’ म्हणतात, किंवा ॲलर्जी समजून तो मासा कायमचा सोडून देतात. दोष अनेकदा माशाचा नसतो, वाटेतल्या तीन तासांचा असतो.

शाकाहारी डबाही यातून सुटत नाही. भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली झोपी गेलेली रूपे, शिजवूनही जगतात आणि भात कोमट राहिला की रुजतात. त्यांचे एक विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. सकाळचा मसालेभात दुपारपर्यंत कोमट डब्यात ठेवण्यापेक्षा दहीभात बरा, कारण दह्याचा आंबटपणा जिवाणूंना थोडाफार आवरतो. मात्र तोही गारच हवा. गरम न्यायचे तर ६० अंशांच्या वर राहील असे वाफाळते, चांगल्या हॉटपॉटमध्ये. मधली, कोमट अवस्था सर्वांत वाईट.

भरण्याची रीत

ताजा मासा असेल तर पोट आणि कल्ले काढून, धुऊन भरतात. नासण्याची सुरुवात तिथूनच होते. तळाशी बर्फाचा थर, मग माशांचा, पुन्हा बर्फाचा, आणि सर्वांत वर जाड थर, कारण गार हवा आणि गार पाणी दोन्ही खाली उतरतात. येथे चुरा लादीपेक्षा सरस ठरतो, कारण तो माशाला सगळीकडून चिकटतो आणि लवकर गारठवतो. लांबच्या वाटेवर दोन्ही घ्यावे. चुरा माशाभोवती, लादीचे तुकडे कडेने.

वितळलेले पाणी काढावे की ठेवावे, यावर गाडीत वाद होतात. दोघांचेही खरे असते. मासे थेट बर्फात असतील तर पाणी वाहून गेले पाहिजे, त्यात रक्त आणि बुळबुळीत थर उतरलेला असतो. सगळे काही झाकणाच्या डब्यांत किंवा घट्ट पिशव्यांत असेल, तर तेच पाणी जोवर गारेगार आहे तोवर राहू द्यावे. डब्यांच्या भोवतीच्या हवेपेक्षा ते फार चांगले गारठवते.

कच्चे मांस-मासळी आणि तयार अन्न एकाच पेटीत नेणे टाळावे. नाइलाज असेल तर कच्चे घट्ट बंद करून तळाशी, तयार वर. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांची पेटी मात्र वेगळीच हवी, कारण तीच दर वीस मिनिटांनी उघडली जाते. घरगुती सोय म्हणून लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठवून नेतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरू नये. वाटेत हेच पाणी पिता येते, हा फायदा गोठवून वापरायच्या विकतच्या जेलच्या पाकिटांना नाही.

विकतचा बर्फ खाण्याचा आहे की नाही हे विचारून घ्यावे. खाण्याचा बर्फ आणि माल टिकवण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ पासून दुसऱ्यात निळा रंग घालण्याचा नियम आला. निळसर बर्फ सरबतात टाकू नये. बर्फात मीठ घातले की मिश्रण शून्याच्या खूप खाली, उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. कुल्फीवाल्याचे तंत्र हेच. मात्र ताज्या मासळीला ते नको, मासा अर्धवट गोठून त्याचा पोत बिघडतो. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. उघड्या हाताला तो भाजतो, घट्ट बंद डब्यात फुटण्याचा धोका असतो आणि काचा लावलेल्या गाडीत त्याच्या वायूने माणूस गुदमरू शकतो. घरगुती प्रवासात त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

गाडी आणि विजेची पेटी

डिकीपेक्षा वातानुकूलित बैठकीची जागा बरी, सीटमागे, उन्हापासून आड, वर एखादी जाड चादर. जेवायला थांबलो की मात्र हिशेब उलटतो. बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तासाभरात पारा ५५ अंशांच्या आसपास पोचू शकतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. मे महिन्यात विदर्भाच्या टोकाला तो करणाऱ्याने सावलीची जागा जेवणाच्या चवीआधी पाहावी.

गाडीच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर चालणाऱ्या पेट्या दोन प्रकारच्या असतात आणि दुकानात त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. स्वस्त पेटी पेल्तिए परिणामावर चालते. दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार व दुसरी गरम होते, हे १८३४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए याला दिसले होते. पण अशी पेटी बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंशांनी गार होते. गाडीत ४० अंश असतील तर आत २० च्या वर, म्हणजे ऐन धोक्याच्या पट्ट्यात. सरबताला चालेल, सुरमईला नाही. कॉम्प्रेसरची पेटी हा खरा छोटा फ्रीज. ती महाग आणि जड असते, पण उणे १८ अंशांपर्यंत जाऊ शकते. इंजिन बंद असताना ती बॅटरी उतरवू नये म्हणून व्होल्टेज घसरताच आपोआप थांबण्याची सोय तिच्यात आहे का, हे विकत घेतानाच पाहावे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या सहलींत कूलर हा गाडीतला एक प्रवासीच असतो, दशम्यांचा डबा सीटवर आणि दही-ताक कूलरमध्ये. पिशवीबंद बर्फ तिथे पेट्रोलपंपावर मिळतो, त्यामुळे वाटेत भर घालणे सोपे जाते. योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात मात्र कूलर गाडीत ठेवून रात्री झोपता येत नाही, तो अस्वलांना उघडता येणार नाही अशा लोखंडी कपाटात ठेवावा लागतो.

पोचल्यावर

घरी आल्यावर आधी माल काढून गारवा तपासावा. अन्नात खुपसायचा छोटा तापमापक असेल तर उत्तमच. नसेल तर खोक्यात घट्ट बर्फ शिल्लक आहे का, हे पाहावे. बर्फ पुरता संपला आणि पाणी कोमट असेल, तर मासळी कितीही ताजी दिसली तरी ती टाकून द्यावी. पेटी त्याच दिवशी साबणाने धुऊन, पाण्यात थोडे ब्लीच घालून विसळून उन्हात वाळवतात आणि झाकण किलकिले ठेवून माळ्यावर टाकतात. थर्माकोलच्या खोक्याच्या भेगांत मात्र माशाचे पाणी मुरते आणि धुऊनही निघत नाही, म्हणून एकदा मासळी आणलेला खोका पुढच्या खेपेला दह्या-दुधासाठी वापरत नाहीत.